ईसीजी चांगला, मग ते काय होतं?

धाड गावचा इंद्रभान वीस वर्षांपासून बुलढाण्याच्या रस्त्यावर प्रवासी जीप चालवतो. आषाढात एका सकाळी भरल्या गाडीत त्याच्या छातीत एकाएकी धडधड सुरू झाली. हातांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना. आता आपण मेलो, असं त्याला वाटलं. प्रवाशांनीच दवाखान्यात नेलं. ईसीजी निघाला, रक्त तपासलं. सगळं चांगलं होतं.

चांगलं होतं, तर मग ते काय होतं?

तेव्हापासून त्याची दोन बोटं सारखी मानेच्या शिरेवर जाऊ लागली. गिअर टाकला की बोटं मानेवर. साधा ढेकर आला तरी तो नाडी मोजू लागे. दीड महिन्यात त्याने तीन ईसीजी काढले. कागद हाती पडला की दोन दिवस बरे जात. मग शंका येई, मशीनला नेमकं त्या वेळी सापडलं नसेल तर? बायको, सारिका, समजावून थकली. टेन्शन घेऊ नको, असं जो तो सांगे. पण टेन्शन कशाचं, हेच त्याला सापडत नव्हतं.

चौथ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी मशीन लावलंच नाही. हा भीतीचा झटका आहे, पुन्हा आला तर गाडी थांबवा आणि ओसरू द्या, असं सांगून त्यांनी समुपदेशकाच्या नावाची चिठ्ठी दिली.

"म्हंजे मी सोंग करून राह्यलो का, मॅडम?"

"नाही. भीती खरीच होती. हृदय बिघडलेलं नव्हतं, एवढंच."

हे काही त्याच्या डोक्यात नीट शिरलं नाही. चिठ्ठी खिशातच राहिली.

पोळ्यानंतर पुन्हा तसंच झालं. त्याने जीप एका सोयाबीनच्या वावराशी उभी केली आणि मागे वळून म्हणाला, "मले भेव वाटून राह्यलं. दहा मिनिटं थांबा."

एक मास्तर उतरून दुसऱ्या गाडीने गेले. भाजी विकायला निघालेली पंचफुलाबाई शेजारच्या सीटवर बसून राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "माह्या मालकालेही असंच होये. आमी त्याले देवऋषाकडे नेत होतो. हे भेव असते, हे कोणी सांगतलंच नाही."

पाव तासाने छाती शांत झाली. आपण तर काहीच केलं नाही, मग ते गेलं कसं, हेही त्याला कळलं नाही. बुलढाण्यात दवाखान्यावरून जाताना पाय ब्रेककडे गेला, पण तो थांबला नाही.

संध्याकाळी हे ऐकून सारिकाने विचारलं, आता तो झटका पुन्हा नाही ना येणार?

"येईल बी," तो म्हणाला. "काऊन येते, ते विचारतो सोमवारी त्या समुपदेशकाले."