ऐंशी टक्क्यांची अट

“एखाद्या विद्यार्थिनीला आत्ता इथूनच फोन लावा. स्पीकरवर,” बाहेरून आलेले तज्ज्ञ म्हणाले. माझी शेवटची स्लाइड अजून पडद्यावर होती. तिच्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘विद्यार्थिनींचा उत्तम प्रतिसाद’.

विद्यापीठात नवा कोर्स सुरू करायचा तर आधी अभ्यास मंडळाची मंजुरी लागते. मंडळ म्हणजे त्या विषयाचे पाच-सात शिक्षक आणि एक-दोन बाहेरचे तज्ज्ञ. ते कागद तपासतात, चहा पितात, त्रुटी काढतात. मी गृहविज्ञान शिकवते. अंगणवाडी सेविकांसाठी बालपोषणाचा ऑनलाइन कोर्स, हा माझा प्रस्ताव होता. निवृत्ती जवळ आली होती आणि जाताना आपल्या नावावर एक तरी कोर्स असावा, अशी मला हाव सुटली होती. हाव हाच शब्द बरोबर आहे.

प्रस्तावाआधी आम्ही पायलट घेतला होता. म्हणजे पंचवीस-तीस सेविकांना घेऊन कोर्स एकदा चालवून पाहिला होता. शेवटी चिकलठाण्यात लेखी परीक्षाही झाली. मंडळाने मंजुरी दिली की या बायकांनाही प्रमाणपत्र मिळेल, असं मी कबूल केलं होतं.

त्यातल्या एक सुनंदाताई. सोयगाव तालुक्यातल्या एका खेड्यात त्या सेविका आहेत. पायलट चालू असताना त्यांनी मला तीन व्हॉइस मेसेज पाठवले. पहिला असा होता: “जयभीम मॅडम. आमच्या गावात तुमचा व्हिडिओ चालंना. नुसतं गोल गोल फिरतंय. आवाजाच्या फायली व्हॉट्सॅपवर टाकता येतील का?” पुढचे दोन्ही तेच सांगणारे, फक्त जास्त अजिजीचे. मी तिन्ही वेळा ‘बघते’ असं लिहिलं आणि बघितलं काहीच नाही. सगळे धडे आवाजात पुन्हा करायचे तर सहा महिने जातील, असा हिशेब मी मनातच करून टाकला. प्रस्तावात ‘अडचणी’ नावाचा एक रकाना असतो. तिथं मी लिहिलं, ‘किरकोळ तांत्रिक सूचना प्राप्त’.

आता फोन लावायचा होता. मी यादीतून मुद्दाम सुनंदाताईंचाच नंबर काढला. बाकीच्या काय बोलतील याचा भरवसा नव्हता. सुनंदाताईंचा होता. त्यांच्या तालुक्यात एका संस्थेत पोषण-प्रशिक्षकाची जागा निघाली होती आणि अर्जाला हे प्रमाणपत्र लागणार होतं. हे त्यांनीच मला परीक्षेच्या दिवशी सांगितलं होतं. अडलेलं माणूस आपल्याविरुद्ध बोलत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं.

“सुनंदाताई, मी मीटिंगमध्ये आहे. आज कोर्सच्या मंजुरीचा निर्णय आहे. सर तुम्हाला दोन प्रश्न विचारतील,” मी म्हणाले. एवढ्या तीन वाक्यांत मी त्यांना सगळं पढवून टाकलं होतं.

“ताई, व्हिडिओ नीट दिसत होते का?” तज्ज्ञांनी विचारलं.

पलीकडे अंगणवाडीतली पोरं एका सुरात काहीतरी म्हणत होती.

“व्हय सर. एकदम क्लिअर. लई चांगला कोर्स हाय.”

“काही अडचण आली?”

“नाय सर. मॅडम तर लगेच उत्तर देतात.”

कोर्स एकमताने मंजूर झाला. लोक अभिनंदन करत होते आणि मला कुणाच्या डोळ्यांत बघवत नव्हतं. तरी मी हसत होते.

पुढच्या आठवड्यात प्रमाणपत्रांची यादी आली. तिच्यात सुनंदाताईंचं नाव नव्हतं. लेखी परीक्षेत तर त्या पहिल्या आल्या होत्या. मी तडक संगणक विभागात गेले. तिथल्या शेख सरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली.

“मॅडम, इनके व्हिडिओ तो चार टक्के भी नहीं हुए. ऐंशी टक्के बघितल्याशिवाय सिस्टीम नाव घेत नाही.”

“पण परीक्षेत पहिल्या आहेत त्या!”

“अट तुमचीच आहे, मॅडम,” ते शांतपणे म्हणाले.

होती खरी. कुणी नुसतं नाव नोंदवून पास होऊ नये म्हणून मीच ती मोठ्या तोऱ्यात घातली होती. सुनंदाताई दर बाजारच्या दिवशी सोयगावला जायच्या, तिथं रेंजमध्ये कोर्सच्या लेखी नोट्स उघडायच्या आणि वहीत उतरवून घ्यायच्या. पण वहीची नोंद सिस्टीममध्ये कुठली व्हायला!

उपाय सोपा होता. अट शिथिल करा, असा अर्ज अधिष्ठात्यांकडे, म्हणजे आमच्या डीन सरांकडे द्यायचा. पण अर्जात कारण लिहावं लागतं आणि कारण होतं ते तीन मेसेज. ते जोडले की ‘किरकोळ’ची लबाडी उघडी पडणार, त्या फोनचीही. अर्ज लिहायला अर्धा तास लागतो. मी बारा दिवस लावले. त्या दिवसांत मी कोर्सच्या माहितीपत्रकाचा रंग ठरवत बसले होते. आजही ते आठवलं की मान खाली जाते.

तेराव्या दिवशी सगळं खरं लिहून दिलं. डीन सरांनी वाचलं.

“हे मंडळासमोर का नाही सांगितलंत?”

“कोर्स अडला असता, सर.”

“आणि आता कोण अडलंय?”

त्यांनी सही केली. प्रमाणपत्र चार दिवसांत निघालं. संस्थेच्या अर्जाची मुदत दोन दिवसांपूर्वी संपली होती.

मी सुनंदाताईंना फोन केला. अट शिथिल करायचा अर्ज मीच बारा दिवस अडवून ठेवला होता, हेही सांगितलं. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

“जाऊ द्या मॅडम,” त्या म्हणाल्या. “म्या बी खोटंच बोलले की त्या सरांसंगं.” मग म्हणाल्या, “पर त्या आवाजाच्या फायली तेवढ्या टाका. म्होरच्या बायांना लागतील.”

टाकल्या. सगळे धडे रेकॉर्ड करायला सहा महिने नाही, दोन आठवडे लागले.

आता कुठलाही प्रस्ताव करताना अडचणींचा रकाना मी सगळ्यात आधी भरते. आणि ज्यांना अडचण आली, त्यांच्याच शब्दांत.