आईनं पाखरांना पाणी ठेवलं

सुमन, आळेफाट्यावर मी एसटीत चढले तेव्हा आई खिडकीखाली उभी राहून एकच सांगत होती, "तिकडं एकटी हिंडू नको. अंधार पडायच्या आत घरात येत जा." नर्सची नोकरी लागून तिची थोरली टेक्सासला निघाली होती. भीती असेल ती सगळी माझ्याच वाटेवर, असं आपल्या तिघींनाही वाटत होतं.

इथं पहिल्याच सप्टेंबरात शेजारच्या म्हातारीनं मला एक लाल बाटली दिली. एक वाटी साखर, चार वाट्या पाणी. ती परसात टांगली की अंगठ्याएवढे हमिंगबर्ड यायचे. पंख दिसायचे नाहीत, नुसती घरघर ऐकू यायची. थंडीआधी ते दक्षिणेला जातात. वाटेत समुद्र, टेकायला कुठं जागा नाही, म्हणून अंगावर चरबी चढेस्तोवर पीत राहतात. रविवारी फोनवर मी हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "एवढासा जीव, आन् लई लांब जायचंय त्याला."

दुसऱ्या दिवसापासून तिनं निमगावच्या घरामागं, उसाच्या कडेला, पाखरांसाठी मातीच्या परळात पाणी ठेवायला सुरुवात केली. ते माझ्यामुळं.

बुलबुल येतात, साळुंक्या येतात, असं ती कौतुकानं सांगायची. मग एका रविवारी म्हणाली, "परळापाशी बिबट्याचं पंजं उमटल्यात. मोत्याची साखळी तेवढी ऱ्हायली, कुत्रं नाय."

"सुमनकडं मंचरला जा," मी म्हणाले.

"जाईन की. पर पाखरांना पाणी कोण घालील?"

तू तिला आणायला गेलीस, तो दिवस तू मला एकदाच सांगितलास. ऊन उतरलं होतं. आई वाकून परळ घासत होती आणि तिच्यामागं दहा पावलांवर, उसाच्या तोंडाशी, बिबट्या जमिनीला पोट लावून बसला होता. वाकलेलं माणूस त्याला शेरडासारखं दिसतं म्हणे. आईला कमी ऐकू येतं. तू ताट बडवलंस, ओरडलीस, "आई, उभी ऱ्हा." ती उभी राहिली, पण तू आलेली दिसलीस म्हणून, हसत. तो पळालासुद्धा नाही. वळला आणि सावकाश उसात शिरला.

त्याच आठवड्यात इथं उत्तरेचा गार वारा सुटला. सगळे गेल्यावर मागं राहिलेला एक हमिंगबर्ड माझ्याकडं येत होता. त्या सकाळी बाटली भरलेलीच होती. तो गेला की मेला, मला कळलं नाही.

आई आता तुझ्याकडं तिसऱ्या मजल्यावर असते. तिथं तिला धोका नाही, हे मला कळतं. तरी रविवारी माझं बोट निमगावचाच नंबर दाबतं. तो फोन आपण अजून बंद केलेला नाही. कुलूपबंद घरात घंटी वाजत राहते आणि मी ती ऐकत राहते. माझं घर आता एवढंच उरलंय. मागं उसात कोणीतरी मान वर करून तीच घंटी ऐकत असणार.