फाटकापलीकडची नऊ मिनिटं

पाणक्याच्या सायकलदुरुस्तीच्या दुकानात एकही चषक नाही. नवं गिऱ्हाईक आधी तेच शोधतं. या म्हाताऱ्याने नऊ हंगाम पगारी शर्यती मारल्यात असं त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. मग ते भिंती न्याहाळतं, आणि त्याला दिसते खिळ्याला टांगलेली पोचे पडलेली अॅल्युमिनियमची बाटली. तिच्याबद्दल विचारलं की म्हातारा म्हणतो, "चाक ठेवा तिथे. उद्या दुपारनंतर या."

चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढण्यात त्याचा हात धरणारा आसपास कुणी नाही. चाक फिरवायचं, नजर रिमवर ठेवायची, जिथे डोलेल तिथला आरा पाव वळसा आवळायचा आणि शेजारचा तेवढाच सैल करायचा. अर्धा वळसा देणाऱ्याला तो कारागीर मानत नाही. घाईने सरळ केलेलं चाक महिनाभरात पुन्हा वाकडं होतं, हे त्याचं ठरलेलं बोलणं.

पाणक्या हे नाव त्याला शर्यतीत पडलं. संघात आठ गडी असत. एकाने जिंकायचं, सातांनी त्याला जिंकवायचं. त्या सातांतही उतरंड होती, आणि तिच्या तळाला पाण्याचं काम. जथ्याच्या मागे राहून संघाच्या गाडीपर्यंत जायचं, सात बाटल्या घ्यायच्या, चार पाठीच्या खिशांत, तीन जर्सीच्या गळ्यातून पोटाशी, आणि तेवढं ओझं घेऊन पळत्या जथ्यात पुन्हा पुढे यायचं. वाटून झालं की थोडा दम खायचा, तोवर पुन्हा कुणीतरी ओरडतंच. उन्हाच्या दिवशी अशा बारा-बारा खेपा होत. बाकीचे दोनशे किलोमीटर मारत तेव्हा याचे सव्वादोनशे होत, आणि वर्तमानपत्रात याचं नाव शेवटच्या ओळीतही येत नसे.

त्याची तक्रार नव्हती. त्याआधी तो ओतशाळेत होता. वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचं आणि घरी यायचं. जाऊन-येऊन छत्तीस किलोमीटर सायकल. ज्याने भट्टीसमोर सहा वर्षं काढली त्याला ऊन काय करणार?

शर्यतीचा एक छापील नियमग्रंथ होता. तो पंचांच्या बॅगेत असे. दुसरे नियम कुठेच छापलेले नव्हते, ते पाणक्याला पहिल्याच हंगामात तोंडपाठ झाले. पुढचा पडला तर त्याच्या पडण्याचा फायदा घ्यायचा नाही. कुणी रस्त्याकडेला लघवीला थांबला तर तेव्हा पळ काढायचा नाही. जेवणाच्या पिशव्या हातात असताना तर मुळीच नाही. आणि दिवसभर दुसऱ्याच्या चाकामागे वारा चुकवत बसलेल्याने शेवटच्या शंभर मीटरांत त्याच्याच पुढे उडी घ्यायची नाही. हे मोडणाऱ्याला दंड नव्हता. फक्त दुसऱ्या दिवसापासून त्याला कुणी आडोसा देत नसे, पुढे खड्डा आहे म्हणून सांगत नसे. जथा त्याला वाळीत टाकी. दीडशे माणसांत एकटं सायकल मारणं काय असतं, ते एकाने दोन महिने सोसलं आणि नंतर तो विम्याच्या कचेरीत चिकटला.

हे नियम राखणारा होता मुकादम. दुसऱ्या संघातला, रुंद खांद्यांचा, नाक दोनदा मोडलेला. सगळ्यांत वेगवान नव्हता. पण त्याने हात वर केला की दीडशे माणसं पेडल सैल सोडत. पाणक्याने ते स्वतः पाहिलं होतं. एकदा उतारावर सात बाटल्यांसह त्याचा टायर फुटला आणि तो खडीत पडला. बाटल्या चहूकडे. मुकादमाने मागे पाहिलं आणि हात वर केला. पाण्याच्या गड्यासाठी कुणी थांबत नाही. त्या दिवशी थांबले. खिळ्यावरच्या बाटलीला पोचे त्याच दिवशी पडले.

आणखी एक रिवाज होता. शर्यत एखाद्याच्या गावावरून जात असेल तर त्या गड्याला जथा पुढे सोडी. त्याने मिनिटभर आधी घरी पोचायचं, आईच्या पाया पडायचं, बायकोशी दोन शब्द बोलायचे, आणि जथा आला की गुपचूप त्यात मिसळायचं. अट एकच: ते मिनिट भेटीचं, पळायचं नाही. आठ हंगाम पाणक्याने दुसऱ्यांना असं घरी जाताना पाहिलं. त्याच्या गावावरून रस्ताच गेला नाही. नवव्या हंगामात गेला.

त्या सकाळी संघाच्या गुरुजींनी त्याला गाडीपाशी बोलावलं. गुरुजी म्हणजे संघाचे प्रशिक्षक. शिट्टी गळ्यात, राग नाकावर. वय झालं तुझं, म्हणाले, मालकाला पुढच्या वर्षी तरणी पोरं हवीत. पाणी वाहिलंस ते कागदावर दिसत नाही. एक निकाल आण, एकच, मग मी भांडतो तुझ्यासाठी. पाणक्या हो म्हणाला. नऊ वर्षांत त्याला कुणी जिंकायला सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्याने विचारलंही नाही की मग पाणी कोण देणार.

पाय मात्र त्या दिवशी हलके होते. ते त्याचं त्यालाच कळत होतं.

गाव चार किलोमीटरवर आलं तेव्हा तो मुकादमाच्या शेजारी गेला.

"पुढे माझं घर आहे."

"कोण कोण असतं?"

"आई, बायको. आणि मुलगी झालीय, पाच महिन्यांची."

"किती वेळा बघितलीस?"

"दोनदा. झोपली होती दोन्ही वेळेला."

मुकादम पुढे बघत राहिला. मग म्हणाला, "जा. पण आम्ही येईपर्यंत तिथेच सापड."

"सापडेन," पाणक्या म्हणाला.

तो निघाला. रेल्वेचं फाटक ओलांडलं तेव्हा मागे घंटा वाजायला लागली. त्याला वाटलं, जथा निसटला असेल वेळेत. मागे वळून बघायला त्याला फुरसत कुठे होती?

घर गल्लीच्या मध्यावर, दोन खोल्या आणि पुढे हात-दीड हाताचा ओटा. अख्खी गल्ली रस्त्यावर आलेली. आई दारात खुर्चीवर बसवलेली, बायकोच्या कडेवर मुलगी, आणि दोघींच्या पुढे छाती काढून मेहुणा. बायकोचा हा भाऊ नगरपालिकेत कारकून होता. कायदा हा त्याला जेवणासारखा लागे. पाणक्या आईच्या पाया पडला. आई म्हणाली, वाळलास. बायकोने मुलगी त्याच्या हातात दिली. या खेपेला ती जागी होती. तिने आधी त्याच्या टोपीकडे पाहिलं, मग त्याचा घामेजलेला कान धरला.

मिनिट झालं. जथा येईना.

तेवढ्यात खडूवाला आला. हा मोटरसायकलच्या मागच्या सीटवर बसून काळ्या फळीवर पुढच्या-मागच्यांतलं अंतर मिनिटांत लिहून गड्यांना दाखवी. त्याच्याकडे पंचांचा वायरलेस होता. तो म्हणाला, मालगाडीचं इंजिन बंद पडलंय, डबे फाटकावर आडवे. जथा पलीकडे, गाड्या पलीकडे, तुझे गुरुजी पलीकडे. फळीवर त्याने चार लिहिलं होतं. बोलता बोलता पुसून पाच केलं.

मेहुण्याला दम धरवेना. शेवट किती लांब, त्याने विचारलं. चौतीस किलोमीटर, खडूवाला म्हणाला. आणि फाटकाचा नियम काय? खडूवाल्याने खरं ते सांगितलं: जो आधी गेला तो गेला, फाटक हा शर्यतीचा भाग, पंच कुणाला थांबवत नाहीत.

"ऐकलंत भाऊजी? कलमात बसतंय," मेहुणा म्हणाला. "बसा सायकलवर."

"मी सांगून आलोय."

"कुणाला? त्या नाकमोड्याला? त्याची सही घेतलीत?"

गल्ली हसली. मग गल्लीनेही सूर धरला. कुणी टाळ्या पिटल्या, कुणी सायकल सरळ करून धरली. फळीवर सहा. पाणक्याने बायकोकडे पाहिलं. सकाळचं गुरुजींचं बोलणं तिला ठाऊक नव्हतं. पण नऊ वर्षांच्या संसारात नवऱ्याचा चेहरा वाचायला तिला फळी लागत नसे. ती फक्त म्हणाली, "तुमचं तुम्ही ठरवा. मुलगी द्या इकडे, पडेल."

त्याने मुलगी दिली. पेडलच्या पट्ट्यात पाय अडकवला आणि निघाला.

पुढची गोष्ट तो कधी सांगत नाही. पण गल्लीने ती पाहिली, त्यामुळे लपलेली नाही. तो गेला. गल्लीच्या टोकाला पाववाल्याची भट्टी होती, तिथपर्यंत, ऐंशी मीटर, आणि चांगला जोर लावून गेला. सहा मिनिटं हातात, चौतीस किलोमीटर पुढे, पाय हलके. आंधळाही जिंकला असता. नेमकं तेच त्याला पाववाल्याच्या कोपऱ्यावर टोचलं. ती सहा मिनिटं त्याने पायाने कमावली नव्हती. ती मालगाडीची होती. आणि पलीकडे, बंद फाटकाशी उन्हात उभा असलेला एक माणूस याच्या शब्दावर विसंबून होता, कारण याने सापडेन म्हटलं होतं.

कोपऱ्यावर तो वळला. मेहुण्याने कपाळावर हात मारला.

पाणक्या सायकल भिंतीला टेकवून ओट्यावर बसला आणि त्याने मुलगी परत मागितली. थोड्या वेळाने त्याचे हात अस्वस्थ झाले. रिकामं बसणं त्याला जमत नसे. त्याने सायकलच्या दोन बाटल्या काढल्या, घरात असतील त्या बाटल्या मागितल्या, शेजारणीने तिच्या आणल्या. बायकोने हातपंप मारला, त्याने एका हाताने मुलगी धरून दुसऱ्याने बाटल्या लावल्या. अकरा भरल्या. खडूवाल्याने फळीवर नऊ लिहिलं आणि खडू खिशात टाकला.

जथा आला तेव्हा आधी आवाज आला, पाऊस पत्र्यावर यावा तसा साखळ्यांचा. मुकादम सगळ्यांत पुढे. पाणक्या रस्त्याच्या कडेला उभा होता, एक बाटली पुढे केलेली, बाकीच्या खिशांत आणि पोटाशी. मुकादमाने वेग न मोडता बाटली घेतली, एक घोट घेतला, उरलेलं डोक्यावर ओतलं.

"गार आहे," तो म्हणाला.

एवढंच. पाणक्याने मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, सायकलवर बसला आणि जथ्यात शिरला. उरलेल्या चौतीस किलोमीटरांत त्याने मागे गाडीपर्यंत तीन खेपा केल्या. गुरुजींनी गाडीच्या खिडकीतून त्याला जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. तो सत्याऐंशीवा आला. हंगाम संपला, पुढच्या वर्षाच्या कराराचं पत्र आलं नाही, आणि त्याने ओट्याला लागून असलेल्या खोलीत चाकं दुरुस्त करायला घेतली.

मेहुण्याने ते चाळीस वर्षं पुरवून खाल्लं. कुणाचंही लग्न असो, हा पाहुण्यांना हाताला धरून आणी: हे आमचे भाऊजी, यांनी जिंकलेली शर्यत दारात उभी करून तिला पाणी पाजलं. लोक हसत, पाणक्याही हसे. एकदाच बायकोने भावाला थांबवलं. ती म्हणाली, "त्या वर्षी दिवसाउजेडी नऊ मिनिटं घरात होते. तुझ्या शर्यतीने दिली असती का?" त्यानंतरही मेहुणा सांगत राहिला, पण ती जवळ नाही बघून.

मागच्या वर्षी एका दुपारी एक म्हातारा साधी सायकल ढकलत दुकानात आला. मागचं चाक डोलत होतं. पाणक्याने आधी चाक पाहिलं, मग नाक.

मुकादम स्टुलावर बसला. बराच वेळ दोघे चाकाबद्दलच बोलले. आरे कुठले, रिम कुणी घातली, असला गचाळ हात कुणाचा. जथ्यातले कोण राहिले, कोण गेले, हेही झालं. मग मुकादम म्हणाला की त्या दिवशी फाटकापाशी निम्मा जथा म्हणत होता, पाणक्या गेला. बाकीचे म्हणत होते, बसला असेल.

"तू कुणात होतास?"

"मी गप्प होतो," मुकादम म्हणाला. चाक फिरत होतं, तो त्याकडे बघत होता. "तुझ्या जागी मी असतो तर गेलो असतो. तेव्हा एकदाही सांगावंसं वाटलं नाही. आता सांगतो."

पाणक्याने एक आरा पाव वळसा आवळला. चाक पुन्हा फिरवलं.

"मीही गेलो होतो," तो म्हणाला. "पाववाल्यापर्यंत."

मुकादमाने त्याच्याकडे पाहिलं, मग दाराबाहेर, गल्लीच्या टोकाकडे. पाववाल्याची भट्टी आता नाही, तिथे औषधांचं दुकान आहे. तो नजरेने अंतर मोजत राहिला.

"म्हणजे फार नाही," तो म्हणाला.

"ऐंशी मीटर. पण सीटवरून उठून मारली होती."

मग दोघेही हसले, दमा असलेली माणसं हसतात तसे, थांबत थांबत. चाक अजून एका जागी किंचित डोलत होतं. पाणक्याने बाटली खिळ्यावरून काढली, आतली धूळ झटकली, नळाखाली दोनदा विसळून भरली आणि मुकादमाच्या हातात दिली. स्वतः पुन्हा चाकापाशी बसला. काम राहिलं होतं.