हुसेनबीनं परत धाडलेले झगे

सयाजीच्या मोटारसायकलवर मागं बसून कळंब्याला निघालेल्या हुसेनबीच्या मांडीवर एक पोतं होतं आणि त्या पोत्यात तिची सात पापं भरलेली होती. वजनाला काही फार नव्हती, सगळी कापडाचीच. तरी कळंब्याचा रस्ता लागेपर्यंत तिच्या मांड्या भरून आल्या.

कापूस गल्लीतल्या बहुतेक बायका दहाच्या ठोक्याला कुलपं लावून कामाला जातात. कुणी बँकेत, कुणी शाळेत, कुणी दवाखान्यात. दिवसभर गल्लीत राहतात ती मांजरं आणि हुसेनबी. मांजरांचा भरवसा नसल्यामुळं सगळ्यांची पार्सलं हुसेनबीच्या घरी उतरतात. बायका जाताना पैसे तिच्या हातात ठेवतात, दुपारी सयाजी येतो, ती पैसे देते, पार्सल घेते, हलवून बघते, हुंगते आणि "ह्यात काय हाय?" म्हणून सयाजीलाच विचारते. सयाजी पंचेचाळिशीचा. एकेकाळी तालमीत घुमायचा. आता त्या मेहनतीतलं पोट तेवढं शिल्लक आहे. "चाची, मी आणतोय, शिवत न्हाई," असं तो दर वेळी सांगतो आणि ती दर वेळी विचारतेच.

तर ह्या सुरळीत कारभारात उन्हाळ्यात सिलिंडरचा झगा शिरला. बँकेतल्या फरहीननं मोबाईलवरून कळंब्याच्या एका शिवणाऱ्या बाईकडनं पहिला मागवला. गॅसच्या सिलिंडरला अंगभर घालायचा, खाली झालर, वर नाडी आणि छातीवर, म्हणजे सिलिंडरला जिथं छाती असेल तिथं, घरातल्या बाईचं नाव भरतकामात. तो रविवारी आला आणि फरहीननं स्वतःच घेतला. फरहीनचा तांबडा, डागाळलेला सिलिंडर गुलाबी झग्यात लग्नाला निघालेल्या करवलीसारखा दिसायला लागला, आणि आठ दिवसांत गल्लीतल्या आणखी सात बायकांनी आपापल्या नावाचे झगे मागवले.

त्यातला पहिला आला त्या दिवशी हुसेनबी म्हणाली, "न्हे परत. नको म्हणून सांगून गेल्यात त्या."

"अवो, हौसेनं मागवलाय की."

"सणाला माणसास्नी धड कापडं मिळंनात आणि सिलिंडरला झगा. न्हे म्हणते न्हवं?"

सयाजीनं मोबाईलवर बटण दाबलं : ग्राहकाने घेण्यास नकार दिला. संध्याकाळी हुसेनबीनं पैसे परत केले आणि सांगितलं, "आलाच न्हाई बघ तो." आपण कुणाच्या तरी संसाराचे पैसे वाचवले ह्या आनंदात तिनं त्या रात्री दोन भाकऱ्या जादा खाल्ल्या. मग दुसरा आला, तिसरा आला. सातही तिनं त्याच वाटेला लावले.

बायकांना मोबाईलवर 'नकार दिला' दिसायचं. नळावर चर्चा झाली.

"आमी कवा नकार दिला?"

"ती झगेवाली बाईच बोगस हाय. माल न्हाई म्हणून आमच्यावर ढकलती."

"माझा तर नीट आलता," फरहीन म्हणाली, "पण आता गिऱ्हाईक वाढलं म्हणून माजली असंल."

सातही जणींनी त्या बाईच्या दुकानाखाली मोबाईलवर काय काय लिहिलं ते एकमेकींना वाचून दाखवलं. हुसेनबी घागर भरत होती. घागर भरून वाहायला लागली तरी तिनं नळ बंद केला नाही, कारण नळ बंद केला असता तर कुणीतरी तिच्याकडं वळून "तुमी काय म्हणता खाला?" असं विचारलं असतं.

चार दिवसांनी सयाजी ते पोतं घेऊन दारात उभा राहिला. गोदामात साठलेले सगळे झगे आता त्यालाच कळंब्याला पोचवायचे होते. "तुमच्या गल्लीतल्या बायका लई वंगाळ, चाची. एका गल्लीतनं सात परत. कंपनी त्या झगेवालीचं दुकान बंद करायला लागलीया. परवापातूर मुदत हाय म्हणं."

"मला घिऊन चल," हुसेनबी म्हणाली. "शिवण कशी हाय ती बघून येते."

कशाला जातेय हे तिलाही नीट माहीत नव्हतं. पण घरी बसवत नव्हतं एवढं खरं.

झगे शिवणाऱ्या अस्मिताचं दुकान म्हणजे एक खोली, एक शिलाई मशीन, एक इस्त्री आणि कापडाच्या ढिगात कुठंतरी अस्मिता. तिशीची असेल. सयाजीनं पोतं उतरवलं, तिच्या मोबाईलवर आलेला नंबर विचारून पोचल्याची नोंद केली आणि तो पुढच्या पार्सलाला गेला. हुसेनबी कोण हे अस्मितानं विचारलं नाही. आली आहे म्हणजे गिऱ्हाईक असणार, म्हणून आधी चहा ठेवला.

"मावशी, एक काम कराल? परत आलेलं पार्सल उघडताना व्हिडिओ काढावा लागतो. नाहीतर आतला माल खराब झाला तरी कंपनी मानत नाही. हे कामावर गेलेत. जरा मोबाईल धरता? मध्ये बंद करू नका, एकसलग पाहिजे."

असा मोबाईल हुसेनबीच्या हातात आला. अस्मिता एकेक पार्सल समोर धरायची, सहा बाजूंनी फिरवायची आणि मोठ्यानं वाचायची, "शालन पाटील, कापूस गल्ली. कारण : ग्राहकाने घेण्यास नकार दिला." मग कात्रीनं फाडून आतला झगा उलगडायची. निळा, मोरपंखी, बारीक ठिपक्यांचा. प्रत्येकावर नाव. नावाचा झगा दुसऱ्या कुणाला विकता येत नाही, एवढं हुसेनबीला न सांगता कळलं. चौथ्या झग्यावर गोदामातलं कसलं तरी तेल सांडलं होतं. तिथून पुढं व्हिडिओ हलायला लागला.

"मावशी, हात दुखतोय का?"

"न्हाय."

"ह्या बायकांचं मी काय वाकडं केलंय कळत नाही. एकीनं तरी फोन करून सांगायचं होतं, रंग आवडला नाही म्हणून."

"बायकांनी न्हाई," हुसेनबी म्हणाली. मोबाईल चालूच होता. "मी धाडलं परत. सातीच्या साती. त्यास्नी ठावंबी न्हाई."

अस्मिता हातात कात्री घेऊन तशीच बसली. "का पण?"

"त्यांचं पैसं वाचावं म्हणून."

अस्मितानं कात्री खाली ठेवली. भांडली असती तर हुसेनबीला बरं वाटलं असतं. भांडणात तिचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. काहीतरी करायचं म्हणून तिनं जवळचा झगा उचलला, उलटा केला आणि शिवणीवरून अंगठा फिरवला. दुहेरी टीप, कडा दुमडून आत. एक धागा सुटलेला नाही.

"तुम्ही शिवता?" अस्मितानं विचारलं.

"मालक गाद्या भरायचे, मी खोळी शिवायची. तीस वर्सं." मग ती थांबली आणि खाली बघत म्हणाली, "गल्लीतल्या रेडिओला, टीव्हीला, ट्रंकेला सगळ्याला माझंच कव्हर असायचं. ह्या बायांनी मला इचारलंसुदीक न्हाई. मोबाईलला इचारलं."

"विचारलं असतं तर शिवला असता झगा?"

हुसेनबीनं प्रामाणिकपणे विचार केला. "न्हाय. हसले असते."

अस्मिताच्या ओठांचा कोपरा जरासा हलला आणि पुन्हा जागेवर गेला. "मावशी, त्या बायकांनी लिहिलंय ते त्यांनी स्वतः काढलं, तरच माझं दुकान राहील. मी फोन केला तर त्या उचलणार नाहीत."

सयाजीच्या मागं बसून हुसेनबी परतली तेव्हा ते सात झगे पुन्हा तिच्याच मांडीवर होते. तेलाचा डाग अस्मितानं घासून काढला होता, पुरता गेला नव्हता.

सहा वाजता बायका कामावरून आल्या आणि हुसेनबीनं दारं वाजवायला सुरुवात केली. पहिल्या दारात ती म्हणाली, "पैसं वाचावं म्हणून मीच परत धाडलं." घरातली बाई म्हणाली, "आमचं पैसं, खाला." दुसऱ्या दारात तिनं खरं कारण सांगितलं. ते सांगायला जास्त वेळ लागला. तिसऱ्या दारात फक्त झगा आत गेला आणि दार लागलं. ते सगळ्यात वाईट. इतक्या वर्षांत ह्या गल्लीत तिच्या तोंडावर कुणी दार लावलं नव्हतं.

सातव्या दाराशी शालूबाई, म्हणजे शालन पाटील, आधीच उभी होती. तिच्या बरोबरीची, एकाच साली दोघी ह्या गल्लीत सुना म्हणून आलेल्या. बातमी हुसेनबीच्या पुढं पळत आली होती. मागं गल्लीतल्या बायका गोळा झाल्या होत्या, फरहीनही.

"शालू, त्यो डागाचा तुझ्याच वाट्याला आला," हुसेनबी म्हणाली.

"त्या बाईला सगळ्यात वंगाळ कुणी लिवलं? मीच. 'चोरटी' म्हणून लिवलं मी." शालूबाईचा आवाज बारीक होता. "तवा तू घागर भरत हुतीस."

"व्हय."

"बोलली न्हाईस."

"न्हाई."

शालूबाई आत गेली. स्वयंपाकघरातून सिलिंडर फरशीवर गरगर फिरवत दारापर्यंत आणला आणि हुसेनबीसमोर उभा केला.

"घाल."

"मी?"

"मग काय सयाजीला बोलवू?"

हुसेनबी गुडघे मोडून उंबऱ्यात बसली. झगा वरून घातला, झालर सारखी केली, नाडी ओढली. गाठ दोनदा सुटली. सारी गल्ली बघत होती आणि तो सिलिंडरही छातीवर शालूबाईचं नाव घेऊन तिच्याकडंच बघत होता.

"बसला का?"

"बसला," हुसेनबी म्हणाली. "बरोबर बसला. शिवण चांगली हाय. माझ्यापरीस चांगली हाय."

"मोठ्यानं बोल, मागच्यास्नी ऐकू आलं न्हाई."

हुसेनबी पुन्हा मोठ्यानं बोलली. शालूबाईनं मोबाईल काढला, चष्मा शोधला, आणि "ते लिवलेलं कसं काढायचं गं फरहीन?" असं विचारत पायरीवर बसली. हुसेनबीला कुणी ऊठ म्हणालं नाही, म्हणून ती सिलिंडरशेजारी तशीच बसून राहिली.