कोदिनांच्या कबरीतली जागा

१ नोव्हेंबर १९६१, बुधवार. सर्व संतांचा सण. सकाळी दाट धुकं, दुपारी ऊन. कबरीवर शेवंती ठेवली. एक परका माणूस आमच्या कबरीवर कोरलेलं नाव बोटाने चाचपत उभा होता. मला पाहून टोपी काढली, पण हलला नाही. इसिद्रेला म्हटलं, लक्ष ठेव.

रोजच्या रोज असं लिहून ठेवायची सवय रेमेईला मठाच्या शाळेतल्या सिस्टर्सनी लावली होती. सिस्टर्स गेल्या, आईवडील गेले, नवरा ल्योरेन्स गेला, सवय तेवढी राहिली. पण त्या संध्याकाळी तिने वही मिटली आणि पुन्हा उघडून 'लक्ष ठेव' या शब्दांखाली रेघ ओढली.

तिचं घर मोंतालेरा गावाच्या वरच्या अंगाला होतं. घरापुढे जमिनीतून वर आलेला एक उघडा, सपाट खडक. असल्या खडकाला तिकडे कोदिना म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या त्यावर गव्हाची मळणी झाली, मका वाळला. खडकावरून घराला नाव पडलं आणि घरावरून माणसांना. त्या डोंगरांत असे खडक जागोजाग, म्हणून कोदिनाही जागोजाग. व्हिकच्या बाजारात कुणी 'अहो कोदिना' अशी हाक मारली की चार-पाच जण वळून बघत, आणि त्यांचं एकमेकांशी काडीचं नातं नसे. त्यांतले काही पुढे बार्सेलोनाच्या गिरण्यांत गेले, काही जहाजाने क्युबाला, काही डोंगर ओलांडून फ्रान्सकडे. आडनाव सारखं म्हणून कुणी कुणाला जेवायला बोलावल्याचं मात्र ऐकिवात नव्हतं.

हा माणूस त्या फ्रान्सकडच्यांपैकी निघाला. नाव गास्पार कोदिना, मुक्काम पर्पिन्यां, धंदा पिपं बनवण्याचा. ही माहिती पाववाल्या बाईने पुरवली आणि वर आपली भर घातली, की तो वरच्या घराची जमीन कुठवर जाते ते विचारत होता. गुरुवारी तो घराच्या कुंपणाशी दिसला. शुक्रवारी तर सरळ आत येऊन खडकावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला, मग खाली बसून दगडावर तळवा टेकवला. रेमेई खिडकीच्या आडोशाने बघत होती. तिला वाटलं, गाय विकत घेणारा असाच तिच्या पाठीवरून हात फिरवतो.

इसिद्रे तिच्या मेलेल्या बहिणीचा मुलगा. घर पुढे त्यालाच जायचं होतं, कारण रेमेईला मूलबाळ नव्हतं. त्याने मावशीची थट्टा केली.

"तिएता, दगड उचलून नेणार आहे का तो? नेऊ दे. पिढ्यान्‌पिढ्या कुणाला हलवता आला नाही."

"दगड नको असतो रे कुणाला," ती म्हणाली. "दगडाच्या मागे जे उभं आहे ते हवं असतं."

शनिवारी पाद्री मोसेन किर्झे स्वतः वर आले तेव्हा खरी गोष्ट बाहेर पडली. गास्पारचे वडील तिकडे अंथरुणाला खिळले होते, आणि त्यांनी एकच धोशा लावला होता, की मला माझ्या माणसांत, कोदिनांच्या कबरीत ठेवा. मुलगा ती जागा मागायला आला होता. मोसेनना त्यात पुण्याचं काम दिसत होतं.

रेमेईला त्यात पुण्य दिसेना. त्या भागात कबर माणसाची नसते, घराची असते. घरचा वारस, त्याची बायको, लग्न न झालेली भावंडं, एवढीच माणसं त्या दगडाखाली जातात. घराची जमीन कसणारी कुळं उघड्या मातीत. ज्याला कबरीत जागा मिळाली तो घरचा, हे सगळं गाव मानतं, आणि उद्या वकीलही मानेल. आज मेलेला येईल, उद्या त्याचे जिवंत येतील, आणि इसिद्रे बिचारा अर्ध्या स्वयंपाकघरात चूल मांडून बसेल. नाही म्हणावं तर मरणाऱ्याचा तळतळाट आणि मोसेनची नाराजी. तिने विचार केला आणि गास्पारला रविवारी जेवायला बोलावलं. पोटभर जेवलेला माणूस बोलतो.

रविवारी तिने भाजलेलं बुतिफारा सॉसेज आणि पांढऱ्या घेवड्याचे दाणे केले, नंतर भाजलेले चेस्टनट. मोसेनना मुद्दाम समोर बसवलं. वाइनची चोचीची सुरई तिने आधी गास्पारच्याच हातात दिली. परका असेल तर शर्टावर सांडेल. त्याने हात लांब करून बारीक धार सरळ तोंडात सोडली, थेंब सांडला नाही. रेमेईला ते मुळीच आवडलं नाही. शिकून आलाय, ती मनात म्हणाली.

मग तिने सहज सहज विचारायला सुरुवात केली. आजोबांचा जन्म कुठला, तर याच घरातला. कुठली खोली? ते त्याला ठाऊक नव्हतं, पण खिडकीतून खडक दिसायचा आणि भिंतीपलीकडे बैलांचा श्वास ऐकू यायचा, असं आजोबा सांगत. रेमेईने मान वर केली. गोठा खाली होता, आणि घरची माणसं निजत ती वर. पण वारसांतही एखादा खाली निजू शकतो. तिने त्याच्या ताटात आणखी घेवडा वाढला.

"नाताळ कसा करायचे ते?" तिने विचारलं.

गास्पारचा चेहरा खुलला. हीच तर त्यांच्या घरात सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट होती.

"नाताळाआधी आजोबा अंगावर चांगले कपडे घालायचे, सेन्योरा. मग त्यांचे वडील त्यांच्या हातात खस्सी कोंबड्यांची जोडी द्यायचे, शरद ऋतूभर मका चारून फुगवलेली. ती घेऊन बाहेरच्या जिन्याने वर जायचं, मोठ्या दालनात. वर गेलं की बक्षीस म्हणून त्यांना सुकं अंजीर मिळायचं. आजोबा म्हणायचे, जिना चढताना आपण राजा आहोत असं वाटायचं."

मोसेन किर्झेंचा घास तोंडाशीच थांबला. इसिद्रेला ठसका लागला आणि तो पाणी आणायला म्हणून उठून गेला.

नाताळाला खस्सी कोंबड्यांची जोडी कूळ मालकाकडे नेतं. घरचे ते जिना चढून नेत नाहीत, घरचे ते खातात. गास्पारच्या आजोबांचा बाप याच घराच्या खालच्या मजल्यावर राहून जमीन कसणारा होता. कोदिनांच्या घरी राहतो म्हणून गाव त्याला कोदिना म्हणत असणार, आणि डोंगरापलीकडे गेल्यावर तेच त्याचं आडनाव झालं. एवढी अभिमानाची आठवण सांगून हा माणूस स्वतःचा दावा स्वतःच बुडवून बसला होता, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

रेमेईला इतकं हलकं वाटलं की तिला स्वतःचाच संशय आला. नातेवाइकाला कबरीत घेणं धोक्याचं होतं. कुळाच्या नातवाला घेण्यात धोका कसला? फक्त तो कूळ आहे हे चारचौघांत ठरायला हवं.

"तुमच्या वडिलांना आणा," ती म्हणाली. "खालच्या कप्प्यात जागा आहे. वर माझा नवरा आहे आणि त्याच्या शेजारची जागा माझी."

गास्पारचे डोळे भरून आले. त्याने विचारलं, खर्च किती होईल.

"पैसे नकोत. ती आजोबांची रीत तेवढी पुन्हा सुरू करा. दर नाताळाला एक जोडी. बाहेरच्या जिन्यानेच वर या. मोसेन, तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं," मोसेन म्हणाले, आणि ताटाकडे बघत राहिले.

"दर वर्षी आणीन, सेन्योरा. माझ्यामागे माझा मुलगा आणील," गास्पार म्हणाला.

तो उतारावरून दिसेनासा झाल्यावर इसिद्रे दारात येऊन टेकला.

"त्याला कळलं तरी का, तो काय कबूल करून गेला?"

"त्याला कळायची गरज नाही. गावाला कळलं की झालं."

"तिएता, आपले पणजोबा तरी कुठे कोदिना होते? सेर्रातांच्या घरून आले, लग्नाच्या करारात स्वतःचं आडनाव सोडलं आणि झाले कोदिना. ल्योरेन्सकाकाही असाच लग्न करून आला, त्यालाही गाव शेवटपर्यंत कोदिनाच म्हणत होतं. उद्या मलाही म्हणेल."

"ते नवरदेव म्हणून आले. पुढच्या दाराने," ती म्हणाली आणि टेबल आवरायला लागली.

पण भांडी धुताना तिला राहून राहून एक गोष्ट आठवत होती. कोंबड्यांची अट ऐकल्यावर त्याने क्षणभरही विचार केला नव्हता. इतक्या लवकर हो कोण म्हणतो? काही ठाऊक नसलेला, किंवा सगळं ठाऊक असून बापासाठी वाकलेला. कुंपणाशी जाऊन तिने खडकाकडे पाहिलं. त्यावर कुणाच्याच पावलांची खूण राहत नसे, मालकाच्या नाही, कुळाच्याही नाही. ती आत आली आणि तिने वही उघडली.

५ नोव्हेंबर १९६१, रविवार. ढगाळ. जेवायला आम्ही चौघे. खुराड्याच्या दाराची कडी सैल झाली होती, नाताळाला लागेल म्हणून ती इसिद्रेकडून बसवून घेतली.