तेवढा ड्रम गप करा

हमीद मास्तर गेल्याची बातमी आली तेव्हा मी दुकानात एका जनरेटरची कॉइल भरत होतो. बारामतीत माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. तो जनरेटर डीजेच्या गाडीवरचा, आणि परवा लग्न आहे, काहीही करून आजच द्या, म्हणून गाडीवाला डोक्यावर उभा होता. फोन सांगवीहून भाभींचा, म्हणजे मास्तरांच्या बायकोचा. "वसंतभाऊ, मास्तर गेलं," एवढंच म्हणाल्या. मी फोन ठेवला, उरलेले वेढे भरले, जनरेटर चालू करून दाखवला आणि मगच सांगवीची वाट धरली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी ज्यांच्यावर चिडणार आहे त्यांच्यात मीही आहे.

मास्तर एरवी टेलर आणि लग्नसराईत क्लॅरनेटवाले. आम्हा चौदा जणांच्या बँडचे लाल कोट, त्यांच्या खांद्यावरची सोनेरी जर, सगळं त्यांनी स्वतःच्या मशिनवर शिवलेलं. मी आयटीआय करून त्यांच्याकडे गेलो तेव्हा बाविशीत होतो आणि मला वाटत होतं, आपल्याला साइड ड्रम येतो. त्यांनी पहिल्या दिवशी मला वाजवूच दिलं नाही. ड्रम उलटा केला आणि खालच्या चामड्यावर ताणलेल्या बारीक तारा दाखवल्या. ह्या तारांमुळेच साइड ड्रम कडकडतो. बाजूला एक छोटा खटका असतो, तो पाडला की तारा चामड्यापासून सुटतात. मी विचारलं, काठ्या थांबवल्या की झालं, खटका कशाला? तर म्हणाले, "तू थांबलास म्हंजी ड्रम थांबला असं न्हाय. शेजारी ढोल वाजला तरी ह्यो आपला कुरकुरत ऱ्हातो. गप बसायचं तर नीट गप बसायचं." पुढे सव्वीस वर्षं मी त्यांच्या डाव्या हाताला चाललो, पण शिकलो ते सगळं ह्या एका वाक्यात आहे असं आता वाटतं.

गप बसणं हा आमच्या बँडचा रिवाज होता. वरातीच्या वाटेवर कुणाच्या घरी नुकतं कुणी गेलेलं असेल तर त्या घराच्या अलीकडे दहा पावलं मास्तर क्लॅरनेट दोन्ही हातांत उभी धरायचे. ती खूण दिसली की सगळं बंद. ढोलावर पंजा, ट्रम्पेट काखेत, माझा खटका खाली. घर मागे पडून आणखी दहा पावलं झाली की क्लॅरनेट ओठाला लागायची आणि जिथे सोडलं होतं तिथूनच गाणं उचललं जायचं. घर कुणाचं, कुठल्या जातीचं, कुठल्या धर्माचं, हा प्रश्नच नव्हता. त्यासाठी मास्तर वरातीच्या दिवशी सकाळी सायकलवरून सगळी वाट बघून यायचे. कुठे विजेच्या तारा खाली लोंबतायत, कुठे गटार उघडं आहे, आणि चहाच्या टपरीवर विचारायचे, ह्या आळीत कुणी गेलंय का? एकदा कळंबमध्ये टपरीवाल्याने चुकीचं घर सांगितलं. आम्ही माना खाली घालून, पाय न आपटता एका ओट्यासमोरून निघालो, तर ओट्यावर बाजेवर बसलेला म्हातारा आमच्याकडे टकामका बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "आरं, मी हाय अजून. वाजवा की." नवऱ्यामुलासकट सगळी वरात हसली. मास्तरांनी मात्र थांबून त्याला सलाम केला आणि त्याच्यासाठी अख्खं एक गाणं उभ्याने वाजवलं.

पण सगळीकडे हसून निभावत नसे. सांगवीतल्याच बापूरावांचे वडील गेले त्याच्या आठव्या दिवशी आम्ही इंदापूरकडच्या एका पार्टीची वरात घेऊन त्यांच्या दारावरून निघालो. मास्तरांनी क्लॅरनेट उभी केली. नवऱ्याच्या मामाला ते खपलं नाही. आमच्या पोराच्या आनंदात मिठाचा खडा टाकता काय, म्हणून त्याने मास्तरांचा कोट खांद्याला धरून असा ओढला की जर फाटून लोंबायला लागली. एका हाताने फाटका खांदा धरून, दुसऱ्यात क्लॅरनेट उभी ठेवून मास्तरांनी ती पावलं पुरी केली. बापूराव ओट्यावर होते, डोक्याचं मुंडण केलेले. दुसऱ्या दिवशी ते मास्तरांच्या घरी आले आणि हात जोडून म्हणाले, "मास्तर, ह्ये मी मरूस्तवर इसरणार न्हाय." मी तिथेच बसलो होतो. माझ्या कानांनी ऐकलंय.

नंतर डीजे आले आणि आमचा बँड गेला. त्याबद्दल मी रडणार नाही. लोकांना जे आवडतं ते लोक वाजवणार, आणि त्याच जनरेटरांवर माझंही दुकान चाललं. मास्तरांनीही कधी कुणाला नावं ठेवली नाहीत. आमच्याकडून वाद्यं पुसून आपल्या घरच्या कपाटावर ठेवून घेतली आणि शाळेचे गणवेश शिवत बसले. फक्त एकदा विचारलं, "वसंता, त्या गाडीवाल्यांना वाट कोण बघून देतं रं?" मी म्हटलं, कुणी नाही मास्तर, ती निघते आणि जाते.

तर तिसऱ्या दिवशीची गोष्ट. मास्तरांच्या घरी जियारत होती, म्हणजे त्यांच्यातला तिसऱ्याचा विधी. आतल्या खोलीत बायका, बाहेर आम्ही जुने बँडवाले पाच-सहा जण. दुपारचे चार वाजले असतील. वरात आली. बापूरावांच्या मुलाची. तारीख सहा महिन्यांपूर्वी धरलेली, मान्य. लग्न पुढे ढकला असं कुणीच म्हणत नव्हतं. मी फक्त वीस पावलांची शांतता मागायला बाहेर गेलो. मास्तरांचं घर अगदी वळणावर, तिथेच गाडी अडकली आणि तिथेच पोरं नाचायला लागली. फेट्यातल्या बापूरावांना मी बाजूला घेतलं, कानाशी तोंड नेऊन सांगितलं. ते म्हणाले, "वसंता, मला का कळत न्हाय? पर आत्ता बंद केलं तर पाव्हण्यांत शोभा हुईल. दोन मिन्टात फुडं सरकतो." दोन मिनिटांची वीस झाली. गाडीवर माझ्याच हातचा जनरेटर धडधडत होता. त्याचं लाल बटण कुठे आहे हे त्या गर्दीत मला एकट्यालाच माहीत होतं आणि माझा हात त्याच्यापासून दोन वितींवर होता. मी ते दाबलं नाही. पोरं मारतील, गिऱ्हाईक तुटेल, लग्नात बिब्बा घातला म्हणतील... आठवायला कारणं पुष्कळ आहेत. मास्तरांना कोट फाटला त्या दिवशी एकही आठवलं नव्हतं.

मी आत आलो तर घरातली माणसं कपाटाकडे बघत होती. कपाटावरचा माझा जुना साइड ड्रम आपोआप कडकडत होता. बाहेरच्या प्रत्येक ठोक्याला त्याच्या तारा चामड्यावर थरथरत होत्या. शेवटच्या वेळी ठेवताना मीच खटका पाडायला विसरलो असणार. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या दारात वाद्यं गप केली, त्याच्याच घरात, त्याच्याच जियारतीला ड्रम वाजत होता. भाभी दाराशी आल्या. बाहेरच्या गाडीबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "वसंतभाऊ, तेवढा ड्रम गप करा." मी स्टुलावर चढलो आणि खटका पाडला. तेवढंच माझ्या हातून झालं.

पंधरा दिवसांनी गावात शोकसभा झाली. बोर्डावर मास्तरांचा फोटो आणि त्याच्याहून मोठे फोटो आयोजकांचे. बापूराव पंचवीस मिनिटं बोलले. फाटलेल्या कोटाचा प्रसंग त्यांनी असा रंगवून सांगितला की लोकांनी डोळे पुसले. असा माणूस पुन्हा होणे नाही, म्हणाले. मी समोर बसून ऐकलं. मला आश्चर्य वाटलं ते त्यांच्या खोटेपणाचं नव्हे. ते खरंच गहिवरले होते. त्याच माणसाच्या दारात आपण वीस मिनिटं गाडी वाजवत उभे होतो, हे त्यांच्या लक्षातच नव्हतं. ह्या गोष्टीचा राग मला अजून आवरत नाही.

भाभींनी तो ड्रम मला दिला. तो मी दुकानात, गल्ल्याच्या वरच्या खुंटीला टांगलाय, आणि शोकसभेहून आलो त्याच संध्याकाळी त्याचा खटका वर चढवून ठेवलाय. दुकान मुख्य रस्त्यावर आहे. डीजेची गाडी गेली की ड्रम कडकडतो. गिऱ्हाइकं वैतागतात. वैतागू देत.

गेल्या आठवड्यात बापूराव विहिरीची मोटर घेऊन आले. आम्ही बोलत असतानाच बाहेरून कुणाचीतरी मिरवणूक निघाली आणि ड्रम सुरू झाला. ते दचकून म्हणाले, "ह्यो आपोआप कसा वाजतोय?" मी म्हटलं, तुमच्या पोराच्या वरातीतही वाजला होता, मास्तरांच्या घरात, जियारतीला. त्यांनी फेट्याला हात लावावा तसा कपाळाला हात लावला. खालच्या आवाजात म्हणाले, "गप कर की मग त्याला."

"तुमी करा," मी म्हटलं. "खटका हाय बाजूला."

ते उठले. दोन्ही हातांनी ड्रम धरून सगळ्या बाजूंनी चाचपत राहिले. त्यांना खटका काही सापडला नाही, आणि मीही दाखवला नाही.