कोळशाची बाजू

"काका खलास" असा दोन शब्दांचा मेसेज मयेकरकाकांच्या फोनवरून आला, तेव्हा मी मस्कतमध्ये, ऑफिसच्या गाडीत माबेलाच्या वाटेवर ट्रॅफिकमध्ये अडकले होते, आणि मला आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झालं तसंच. काका मत्रहच्या बंदराजवळ बोटदुरुस्तीच्या कारखान्यात सुतार. फावल्या वेळात करायला घेतलेल्या जहाजाच्या मॉडेलचा एकेक भाग पुरा झाला की असंच कळवायचे... 'धुराडी खलास', 'तोफा खलास'. मला वाटलं, 'काका' ही सही आणि जहाज पुरं झालं. मी उलट पाठवलं, 'यल्ला, चला, दाखवा.' मग त्यांच्या जोडीला काम करणाऱ्या सालिमचा फोन आला. मेसेज त्यानेच केला होता. करवत हातात असतानाच काकांचं हृदय थांबलं होतं.

त्याला सहा आठवडे झाले.

आमची ओळख भांडणातली. इथल्या मराठी मंडळाच्या प्रदर्शनासाठी काका सव्वाशे वर्षांपूर्वीची इंग्रजी क्रूझर, म्हणजे लढाऊ जहाज, घडवत होते. हायफ्लायर वर्गातल्या तीन-तीन धुराड्यांच्या तिघी बहिणींपैकी हायसिंथ. उन्हात राबणाऱ्या मजुरांच्या हक्कांची पत्रकं लिहून लिहून मी तापलेली. तोंडावर विचारलं, साहेबाच्या तोफा कशाला पुजताय? ते म्हणाले, "आधी माहितीफलक लिही. मगे भांड." मी लिहिलं, 'चिलखती जहाज'. त्यांनी सुताराच्या पेन्सिलीने 'चिलखती' खोडलं.

"बाजूक चिलखत नाय गो हिका. पोलादाचो एक डेक, तो पोटात, इंजिनावर. बाजूक नुसतो कोळसो भरलेलो. गोळो इलो तर कोळसो अडवतलो."

"आणि कोळसा जळून संपला की?"

"मगे देव अडवतलो."

त्यांचे आजोबा मालवणहून मस्कतच्या कोळशाच्या वखारीवर हमालीला आले होते, असल्याच जहाजांत टोपल्या रित्या करायला. "म्हणजे माझो आजो चिलखतच उचलत होतो," काका रंधा मारता मारता म्हणाले. माझ्या एकाही पत्रकात इतकं धारदार वाक्य नव्हतं.

म्हणून त्यांनी मॉडेलची एक बाजू गुळगुळीत रंगवली आणि दुसरी उघडी ठेवली. आत कोळशाचे कप्पे, डोक्यावर टोपल्या घेतलेली सागवानी माणसं. डोकी तांदळाएवढी, तरी प्रत्येकाचा चेहरा वेगळा कोरलेला. सगळे सारखे केले असते तर कुणाला कळलं असतं, मी म्हटलं. "आज्याक कळला असता," ते म्हणाले.

मंडळाचे एक पदाधिकारी बघायला आले. "मयेकर, ही काळी बाजू भिंतीकडे करा बुवा. फोटोत घाण दिसते." मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकांनी मला हाताने थांबवलं. "तू गप. तुझा पत्रक ऐकला तर ते माझा जहाज पण बघूचे नाय." मग त्यांच्याकडे वळून अगदी हळू, "साहेब, माझ्या आज्याक मी भिंतीकडे तोंड करून उभो करूचंय नाय. तसा असात तर जहाज येवचा नाय." आणि पुन्हा रंधा. पदाधिकारी चहा न घेताच गेले. एवढ्या कमी शब्दांत इतका ठाम नकार मी कधी ऐकला नव्हता.

काकांच्या बायकोने मालवणहून सांगितलं, प्रदर्शन होईपर्यंत जहाज तुझ्याकडेच ठेव. सालिमने ते चादरीत गुंडाळून, मांडीवर धरून आणलं. कोळशाचा शेवटचा कप्पा रिकामा आहे. त्यात भरायचे तुकडे काडेपेटीत तसेच राहिलेत.

गेल्या आठवड्यात त्या पदाधिकाऱ्यांचा फोन आला. जहाज पुरं झालं का?

"नाही. शेवटचा कप्पा रिकामाच राहील," मी म्हणाले. "आणि फलक काकांनी खोडलेलाच लावणार."

"बाजू कुठली?"

भाषण जिभेवर तयार होतं. गिळलं. "काळी. नाहीतर जहाज येणार नाही."

ते म्हणाले, "बरं. काळी."

फोन ठेवला तेव्हा लक्षात आलं, बोलताना मी काडेपेटी उघडून बोटांनी ते तुकडे चाळत बसले होते. सालिमचा मेसेज पुन्हा उघडला. 'खलास'वर माझ्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला. अजून पुसलेला नाही.